दूर कोणापासून? : लक्षद्वीपची रात्रीची बोट

या मालेत आपण आतापर्यंत बहुतेक वेळ जमिनीवरच काढला. आज पाण्यावर जायचं आहे. विषय तसा छोटा आहे. कोचीच्या धक्क्यावरून एक बोट सुटते, रात्रभर पश्चिमेकडे चालत राहते आणि दुसऱ्या दिवशी लक्षद्वीपच्या एखाद्या बेटासमोर जाऊन उभी राहते. कोची ते कवरत्ती हे अंतर साधारण चारशे किलोमीटर. बेटाप्रमाणे चौदा ते अठरा तास लागतात. मुंबईहून रेल्वेनं नागपूरला जायचं तरी याच्या आसपासच वेळ जातो. पण नागपूरला आपण 'दुर्गम' म्हणत नाही. लक्षद्वीपला मात्र जाहिरातीपासून सरकारी अहवालापर्यंत सगळीकडे 'दूरस्थ', 'दुर्गम', 'मुख्य भूमीपासून तुटलेले' अशी विशेषणं लागतात. आजच्या तासाभरात आम्हाला या विशेषणाचाच इतिहास सांगायचा आहे.

आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे पहिली शंका शब्दाविषयीच येते. ती लगेच उरकून घेऊ, मग इतिहासाकडे वळू. आपल्याकडे वैशेषिकांनी गुणांची यादी केली. रूप, रस, गंध, संख्या अशा चोवीस गुणांत त्यांनी परत्व आणि अपरत्व असे दोन गुण धरले. परत्व म्हणजे दूरपणा, अपरत्व म्हणजे जवळपणा. गंमत अशी की हा गुण वस्तूत आपोआप बसलेला नसतो, असं ते स्वतःच सांगतात. तो उत्पन्न व्हायला 'अपेक्षाबुद्धी' लागते. कुणीतरी एका ठिकाणी उभं राहून दोन गोष्टींची तुलना करावी लागते. टीकाग्रंथांतलं नेहमीचं उदाहरण असं: पाटलिपुत्राहून पाहिलं तर काशीपेक्षा प्रयाग दूर. आता प्रयागात राहणाऱ्याला या वाक्याचं काय करायचं? त्याच्या दृष्टीनं पाटलिपुत्रच दूर आहे. तेव्हा कुणी 'दूरचं बेट' म्हणालं, की विचारायला हवं, पाटलिपुत्र कुठे आहे? म्हणजे बोलणारा उभा कुठे आहे? लक्षद्वीपच्या बाबतीत ही उभं राहण्याची जागा गेल्या तीन-चारशे वर्षांत बदलत गेली, आणि ती ज्यांनी बदलली त्यांचे हिशेब कागदावर आहेत.

आधी भूगोल, थोडक्यात. जुन्या मोजणीप्रमाणे छत्तीस बेटं, सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ बत्तीस चौरस किलोमीटर. माणसं राहतात दहांवर: कवरत्ती, अगत्ती, अमिनी, कडमत, किल्तान, चेतलत, बित्रा, अंड्रोत, कल्पेनी आणि खूप दक्षिणेला मिनिकॉय. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या थोडी वर. बेटं प्रवाळाची, म्हणजे डोंगर नाही, टेकडी नाही, नदी नाही. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. बहुतेक बेटांच्या पश्चिमेला उथळ, शांत पाण्याचं खाजण, ज्याला आपण सगळे लगून म्हणतो, आणि पूर्वेला लगेच खोल समुद्र. पिकतं काय, तर नारळ. भात नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

आता हजार वर्षं मागे जाऊ. अल्बेरुनीनं अकराव्या शतकात हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या समुद्रातल्या बेटांचे दोन वर्ग सांगितले आहेत. एक कवड्यांची बेटं, दुसरी काथ्याच्या दोरांची बेटं. कवड्यांची म्हणजे मुख्यतः मालदीव, आणि काथ्याची बेटं म्हटलं की आपलं लक्षद्वीप त्यात येतंच. म्हणजे बघा, ज्या काळात युरोपला या बेटांची दखलही नव्हती, त्या काळात मध्य आशियात जन्मलेला आणि गझनीच्या दरबारात बसलेला एक विद्वान त्यांना त्यांच्या मालावरून ओळखत होता. जिथला माल जगाला माहीत असतो ती जागा दूर कशी?

कवडी आणि काथ्या हे दोन्ही शब्द मराठीत किती खोल रुतलेत पाहा. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी. तुमच्या-आमच्या आजीच्या सारीपाटातली कवडी बहुधा मालदीवच्या उथळ पाण्यातून निघून, कुणा व्यापाऱ्याच्या गलबतातून किनाऱ्यावर आलेली. आणि सुंभ? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आपण सहज बोलून जातो. कोकणात काथ्या घरचाच असतो हे खरं, पण अरबी समुद्रातल्या नावांना जो काथ्या हवा असे तो निराळ्या प्रतीचा. नारळाची सोडणं खाजणाच्या खाऱ्या पाण्यात कित्येक महिने पुरून ठेवायची, मग काढून लाकडी दांड्यानं कुटायची, धुवायची, वाळवायची, मग वळायची. खाऱ्या पाण्यात मुरलेला हा धागा समुद्रात कुजत नाही. हे सगळं काम बेटांवर पिढ्यानुपिढ्या बायकांनी केलं. मराठीत 'काथ्याकूट' म्हणजे निष्फळ चर्चा. आमच्या विषयाला लोक हाच शब्द वापरतात, त्याची आम्हाला सवय आहे. पण हा वाक्प्रचार ज्यानं रूढ केला त्यानं स्वतः काथ्या कुटला नसावा, कारण अरबी समुद्रातला सगळा व्यापार त्या कुटण्यावर तरंगत होता. शब्दशः तरंगत होता. या भागातली जहाजं खिळ्यांनी ठोकलेली नसत, काथ्यानं शिवलेली असत. फळ्यांना भोकं पाडून दोरानं टाके घालायचे. बाराव्या शतकाच्या अखेरीस इब्न जुबैर नावाचा स्पेनचा यात्रेकरू हजला गेला, तेव्हा त्यानं तांबड्या समुद्रात अशी शिवलेली जहाजं पाहिली आणि त्यांचं वर्णन करून ठेवलं.

बेटांवरच्या अशा शिवलेल्या नावेला ओडम म्हणतात. दोन टोकं निमुळती, एक मोठं शीड, पोटात काथ्या, खोबरं, गूळ, वाळवलेली मासळी. मान्सून संपला की ओडम पाण्यात ढकलायचं, मंगळूर, कण्णूर, कोळिकोड अशा बंदरांना जायचं, तांदूळ, कापड, लोखंड, विडा-सुपारी भरून परतायचं. मे महिन्याच्या सुमारास पुन्हा किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकायचं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं लोतिका वरदराजन यांचं 'सोन बोट्स ऑफ लक्षद्वीप' हे पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. ओडम कसं शिवतात हे टाक्यागणिक पाहायचं असेल त्यांनी ते मिळवून जरूर चाळावं.

आता आमच्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग. बेटावरून मुख्य किनाऱ्याला जाणं फार कठीण नाही. पूर्वेकडे नाक धरून चालत राहा, कुठे ना कुठे किनारा लागणारच, इतका तो लांबलचक आहे. मग उत्तरेला की दक्षिणेला वळायचं ते ठरवा. खरी परीक्षा परतताना. समोर दोन-चार किलोमीटर लांबीचं बेट, उंची काही नाही, फक्त माडांचे शेंडे, आणि ते होडीतून दिसणार पंधरा-वीस किलोमीटरवर आल्यावर. रात्र असेल तर तेही नाही. चुकलात तर पुढचा मोठा किनारा अरबस्तानचा किंवा आफ्रिकेचा. मग हे लोक घरी कसे पोचत?

ध्रुवावरून. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे, यावरून आपण विषुववृत्ताच्या किती उत्तरेला आहोत ते कळतं. मुंबईत तो साधारण एकोणीस अंशांवर दिसतो, कवरत्तीत साडेदहा. हात ताठ समोर धरून मूठ वळली, तर ती मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे कवरत्तीचा ध्रुव क्षितिजापासून जेमतेम एका मुठीवर. खलाशांनी हे मोजायला एक साधं साधन केलं होतं. एक छोटी लाकडी फळी, तिच्या मध्यातून ओवलेली गाठींची दोरी. दोरीची गाठ दातात धरायची, फळी समोर ताणायची. फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ध्रुवाला टेकली, की त्या गाठीचं ठिकाण आलं. एकेका बंदराची एकेक गाठ. अरब याला कमाल म्हणत. दक्षिणेकडच्या खलाशांत जे नाव होतं त्याचा अर्थच 'रात्रीची फळी'. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. कोळिकोड सव्वाअकरा अंशांवर आहे आणि अमिनी सुमारे अकरा अंशांवर, जवळजवळ सरळ पश्चिमेला. दातातली गाठ सांभाळत पश्चिमेकडे चालत राहायचं आणि पहाटे डोळे फाडून बघत बसायचं. उथळ खाजणाचा हिरवट रंग वरच्या ढगाच्या पोटावर उमटतो, पाखरं संध्याकाळी जमिनीकडे वळतात, लाटेची चाल बदलते. हे ज्ञान बेटावर लेखीही होतं. 'रहमानी' नावाच्या वह्या असत. भाषा मलयाळम, लिपी अरबी वळणाची, आणि आत तारे, वारे, महिने, बंदरांची अंतरं.

ओडम चालवणाऱ्या जातीचं नाव मालमी. मूळ शब्द अरबी मुअल्लिम, म्हणजे शिक्षक, जाणकार. कच्छ-गुजरातच्या खलाशांत हाच शब्द मालम म्हणून येतो. जहाजावर वाट दाखवणाऱ्याला 'गुरुजी' म्हणणारी ही परंपरा, मास्तरकी केलेल्या आम्हाला साहजिकच आवडते.

पण थांबा. ही काही नंदनवनाची गोष्ट नाही. ओडम मालमी चालवत, पण ते मालकीचं कोयांचं. कोया म्हणजे जमीनदार घराणी. तिसरा वर्ग मेलाच्चेरी, माडावर चढणारे. माड कोयांचे, नाव कोयांची, तांदूळ त्याच नावेतून येणार. सगळे मुसलमान, एकाच मशिदीत जाणारे, सगळ्यांत वारसा आईकडून चालणारा, पण पायऱ्या होत्या आणि त्या कडक होत्या. मेलाच्चेरी माणसाला किनाऱ्यावर जायचं झालं तर कुणाच्या तरी मर्जीनंच जावं लागे. ओडमच्या काळाविषयी हळवं होऊन लिहिणारे हा भाग वगळतात. आम्हाला तो वगळता येत नाही. कारण पुढे जी सरकारी बोट आली तिनं जे काही हिरावलं ते तर सांगायचंच आहे, पण तिनं काय दिलं तेही नीट सांगायला हवं.

आता राज्यकर्ते. ही बेटं कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडे होती. तिथला राजा अली राजा, आणि गादीवर स्त्री असेल तर बीवी. केरळातलं हे एकमेव मुस्लिम राजघराणं. त्यांना बेटांत हवं होतं काय, तर काथ्या. अठराव्या शतकात त्यांनी काथ्याच्या खरेदीची मक्तेदारी बसवली: बेटवाल्यांनी काथ्या फक्त आम्हालाच द्यायचा, दर आम्ही ठरवू, बदल्यात तांदूळ आम्ही देऊ, त्याचाही दर आम्हीच ठरवू. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते इथे आलं. ज्याच्या ताटातला भात दुसऱ्याच्या कोठारात आहे, तो कितीही उत्तम नावाडी असला तरी घासाघीस काय करणार? अंतर चारशे किलोमीटरच राहिलं, पण तराजू त्या किनाऱ्यावर गेला. आमच्या मते लक्षद्वीप 'दूर' व्हायला सुरुवात इथे झाली.

बेटकऱ्यांनी मुकाट सोसलं असंही नाही. १७८० च्या दशकात अमिनीकडची माणसं ओडम घेऊन मंगळूरला आली आणि टिपू सुलतानाला म्हणाली, आमचा कारभार तुम्ही घ्या. अमिनी गटाची बेटं टिपूकडे गेली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि तीच बेटं ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात पडली. कारभार मंगळूरहून. बाकीची बेटं कण्णूरकडेच राहिली. १८४७ मध्ये मोठं वादळ झालं, अंड्रोतची वाताहत झाली. विल्यम रॉबिन्सन नावाचा अधिकारी पाहणीला गेला, त्याचा १८४८ चा अहवाल प्रसिद्ध आहे. पुढे कण्णूरच्या घराण्याची खंडणी थकत गेली, आणि थकबाकीपोटी इंग्रजांनी टप्प्याटप्प्यानं ही बेटंही हातात घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायमचं हस्तांतर झालं. मक्तेदारी मात्र इंग्रजांनी मोडली नाही, चालवली. अमिनीकडचा काथ्या मंगळूरच्या सरकारी वखारीत, बदल्यात तांदूळ. बाकीच्या बेटांचा साहेब मलबारचा कलेक्टर. एकाच समुद्रातली शेजारची बेटं, पण निम्म्यांचं पाटलिपुत्र मंगळूर आणि निम्म्यांचं कोळिकोड! साहेबाची फेरी हवामान चांगलं असेल तेव्हा आणि सवड असेल तेव्हा. त्या काळचे अहवाल वाचताना जाणवतं की 'दुर्गम' हा शब्द साहेबाच्या होडीतल्या मळमळीतून जन्माला आलेला आहे. बेटावरचा माणूस तोच प्रवास दर वर्षी, माल भरून, करतच होता.

दरम्यान समुद्रावर आणखी एक गोष्ट घडली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. आगबोटींची वर्दळ मिनिकॉयजवळून जाऊ लागली आणि तिथल्या खडकांवर जहाजं आपटू लागली. म्हणून १८८५ मध्ये मिनिकॉयला उंच दीपगृह उभं राहिलं. आजही ते आहे. कोलंबो, सिंगापूर, ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या बोटींना ते रात्री वाट दाखवी. म्हणजे जगाचा एक राजमार्ग बेटाच्या दारावरून गेला, पण बेटासाठी थांबला नाही. मिनिकॉयच्या पुरुषांनी यावर त्यांच्या परीनं तोड काढली. ते त्याच मोठ्या जहाजांवर खलाशी म्हणून लागले. मिनिकॉयची भाषा मालदीवशी नातं सांगणारी, लिपी उजवीकडून डावीकडे, नाविकांचा पेशा जगभराचा. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल, म्हणून इथे सोडतो.

स्वातंत्र्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ ला सगळी बेटं मिळून केंद्रशासित प्रदेश झाला. पण प्रदेशाचं मुख्यालय कुठे? कोळिकोडला! म्हणजे बेटांचा कारभार बेटाबाहेरून. ते कवरत्तीला आणलं १९६४ मध्ये. आमच्या मते लक्षद्वीपच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची तारीख. १९७३ मध्ये नाव बदलून लक्षद्वीप झालं त्यापेक्षाही महत्त्वाची, कारण या दिवशी पाटलिपुत्र बेटावर आलं. निदान नावापुरतं तरी. आणि याच काळात सरकारी प्रवासी जहाजं सुरू झाली. पुढे ती वाढत गेली. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डनं बांधलेली 'एम. व्ही. कवरत्ती' सातशे प्रवाशांची, बाकीची चारशे, अडीचशे अशी. १९८८ मध्ये अगत्तीला विमानतळ झाला, पण तो एका बेटावर, आणि विमान छोटं. सर्वसामान्य माणसाचा रस्ता म्हणजे बोटच.

या बोटीनं काय दिलं? वर म्हटलं तसं, मेलाच्चेरीच्या मुलानं खिडकीवर पैसे ठेवले की त्याला कोयाच्या मुलाइतकंच रुंद बंक मिळालं. हे साधं नव्हे. शिक्षक आले, परिचारिका आल्या, मुलं-मुली शिकायला केरळात गेली आणि परत आली. काथ्याच्या बदल्यात तांदूळ ही बेडी तुटली. आणि काय गेलं? दातातली गाठ गेली. दोन पिढ्यांत मालमींची नातवंडं प्रवासी झाली. ज्यांना ध्रुव बघून घरी जाता येत होतं ते आता वेळापत्रक बघून घरी जातात. ओडम संपलं. बेपूर आणि मंगळूरहून लाकडी मालवाहू नौका आजही जातात, पण त्या इंजिनवर. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर अपेक्षाबुद्धीच बदलली. पूर्वी बेटकरी बेटावर उभा राहून किनारा किती दूर ते मोजत होता. आता तो किनाऱ्यावरच्या तिकीटखिडकीसमोर उभा राहून आपलंच घर किती दूर ते मोजतो.

आम्ही काही वर्षांपूर्वी या बोटीनं गेलो होतो. पहिला वर्ग दोघांच्या खोलीचा, दुसरा चौघांच्या, आणि खाली मोठ्या दालनात रांगेनं बंक. आम्हाला बंक मिळाला, आणि आम्ही सांगू, अभ्यासासाठी तोच बरा. खोलीत पर्यटक दिसतात, बंकमध्ये बेट दिसतं. अंड्यांचे ट्रे, भाजीच्या पाट्या, शाळेची नवी दप्तरं, गुंडाळलेली गादी, सायकलचं सुटं चाक. समोरच्या बंकवर डोळ्याचं ऑपरेशन करून निघालेली एक म्हातारी बाई होती, बरोबर मुलगा. मोडक्या हिंदीत बोलणं झालं. कोचीत किती दिवस राहिलात, असं विचारलं, तर तो म्हणाला, 'तीन बोटी.' म्हणजे त्यांच्या तीन बोटी हुकल्या होत्या. एकीच्या वेळी डॉक्टरांनी सोडलं नाही, दोघींना तिकीट मिळालं नाही. कोचीत खोली घेऊन राहायचं, त्याचं भाडं, जेवणखाण, सगळा खर्च तो बोटींत सांगत होता. वेळ मोजायचं हे माप आम्हाला कुठल्याही पोथीत सापडलं नव्हतं.

आमच्या वयाच्या कोकणी श्रोत्यांना हे परकं वाटणार नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या बोटी आठवा. डेकवर चटई टाकून धरलेली जागा, बोट लागली म्हणून लिंबू चोखणारी माणसं, आणि रत्नागिरी-मालवण-वेंगुर्ल्याला बोट बाहेरच उभी, खाली हेलकावणारा पडाव, वरून एकजण लोटतोय आणि खालून एकजण झेलतोय. लक्षद्वीपला अनेक ठिकाणी अजून तसंच उतरावं लागतं. मोठं जहाज प्रवाळाच्या कडेला येऊ शकत नाही, ते बाहेर खोल पाण्यात थांबतं, मग छोट्या होडीत उतरून खाजणाच्या तोंडातून आत जायचं. काही बेटांना आता पूर्वेच्या बाजूनं धक्के झालेत, तिथे बरं आहे. मान्सूनमध्ये मात्र धक्का असो नसो, लाट ठरवते. कोकणात पावसाळ्यात बोट बंद व्हायची, पण घाटातून एस.टी. होती, नंतर रेल्वे आली. बोट गेली तरी कोकण तुटलं नाही. लक्षद्वीपला एस.टी. नाही. गंभीर आजारी माणसासाठी हेलिकॉप्टर आहे, तेही हवा असेल तर. बाकी सगळं जहाजावर.

म्हणून जहाजावरची जागा हा तिथे जीवनमरणाचा विषय आहे. डिसेंबर २०२१ मध्ये 'कवरत्ती' जहाजाच्या इंजिनखोलीत वाटेत आग लागली. सहाशेच्या वर प्रवासी होते, सुदैवानं कुणी दगावलं नाही, पण जहाज ओढून न्यावं लागलं. सातशे जागांचं एक जहाज दुरुस्तीला गेलं की बेटावर काय होत असेल, याचा विचार करा. मुंबईत लोकल बंद पडली तर आपण दुसऱ्या दिवसाच्या पेपरात अग्रलेख वाचतो.

आणि आता आपला प्रश्न, म्हणजे तुमचा-आमचा. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांची लक्षद्वीप भेट झाली, त्यावरून मालदीवशी वाद झाला, आणि पुण्या-मुंबईतल्या घराघरात मंडळी मोबाइलवर लक्षद्वीप शोधू लागली. बाहेरच्या माणसाला तिथे जायला परवाना लागतो, १९६७ च्या नियमांनुसार, कारण मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत येतात. बरेच जण या परवान्याला नावं ठेवतात. आम्ही ठेवत नाही. बत्तीस चौरस किलोमीटर जमीन, तिच्याखाली गोड्या पाण्याचा पातळसा थर, त्यावर चौसष्ट हजार माणसं. तिथे दार असणं हा उर्मटपणा नव्हे. पण आमचा मुद्दा त्याहूनही साधा आहे. जहाजावरचं एक बंक पर्यटकाला दिलं की ते कुणाच्या तरी घरी जाण्याच्या वाटेतलं बंक असतं. पर्यटनासाठी वेगळी जहाजं आणा, जलद नौका आणा, आम्हाला काही हरकत नाही. पैसा बेटांवर यायलाच हवा, नुसत्या काथ्यावर आणि मासळीवर भागत नाही. पण आहे त्या जहाजांत आधी बेटकरी, मग जागा उरली तर आपण, हा क्रम सरकारनं पाळावा आणि आपणही तिकीट काढताना पाळावा. पावसाळ्याच्या तोंडाशी, मे महिन्यात, शाळा-कॉलेजची मुलं घरी परतत असतात आणि पुढच्या फेऱ्या कमी होणार असतात. निदान त्या दिवसांत तरी सहलीचा हट्ट धरू नका.

आमच्या बोटीवर पहाटे साडेपाचच्या सुमारास सगळ्यांना जाग आली. कुणी भोंगा वाजवला नव्हता. इंजिनाचा आवाज बदलला होता, एवढंच. ती म्हातारी बाई मुलाचा हात धरून वर डेकवर आली. डोळ्याला अजून हिरवी पट्टी होती. अंधारच होता. तिनं एका दिशेला बोट दाखवलं आणि मुलाला काहीतरी म्हणाली. आम्हाला तिथे काही दिसेना. मुलानं सांगितलं, ती म्हणते, वास आला. ओल्या सोडणांचा.

असो. वेळ झाली आहे. रहमानीच्या वह्यांबद्दल आणि मिनिकॉयबद्दल ज्यांना विचारायचं असेल त्यांनी प्रश्न पाठवा, संयोजक आमच्याकडे देतील. नमस्कार.